शिनगारे मामांचा थंडाव्याचा फड

सांत्वनाला जाऊन, सतरंजीवर मांडी घालून, ज्याची आई दोनच दिवसांपूर्वी गेली त्या माणसाला ‘भट्टी नेमकी कधी विझवली?’ असं विचारणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शिनगारे मामा. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. बसलेल्या पंधरा-वीस माणसांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग, असा माणूस सोबत आणला म्हणून, माझ्याकडे. ती नजर आठवली की अजून माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

पण त्या प्रश्नापर्यंत यायला थोडं मागे जावं लागेल.

गोरोबा शिनगारे भूम तालुक्यातल्या ईट गावी आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. विज्ञानाचे शिक्षक वर्गात प्रयोग करून दाखवत. तो फसू नये म्हणून शिनगारे आदल्या दिवशी करून बघत. शाळेत शिपायाला आणि परिचराला मामा म्हणायची रीत आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांपासून पाचवीच्या पोरींपर्यंत सगळ्यांचे ते मामा. मी मराठी शिकवत असे. माझा आणि प्रयोगशाळेचा संबंध चहापुरता, कारण स्पिरिटचा दिवा तिथेच होता.

अंगाने काटकुळे, गळ्यात तुळशीची माळ, पांढरा सदरा, आणि इतर माणसं जिथे पेन लावतात त्या खिशात थर्मामीटर. त्यांचं एक वाक्य सगळ्या शाळेला पाठ होतं : “आकडा बोलला की मान्सानं गप बसावं.” एकदा स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी चहा गार आहे म्हणून शिपायाला झापायला सुरुवात केली. मामा उठले, खिशातला थर्मामीटर धोतराला पुसला आणि साहेबांच्या कपात बुडवला. “पन्नास. आणला तवा सत्तर व्हता. चहा गार न्हाय, सर, तुमचं बोलनं लांबलंय.” तो थर्मामीटर त्याआधी कशाकशात बुडाला असेल या विचाराने मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला. आठवडाभर शाळेत कोणी चहाबद्दल तक्रार केली नाही.

दुसरा धक्का निकालाच्या दिवसांतला. एप्रिलमध्ये गुण भरायला बसलं की शाळेतला कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडे. मुख्याध्यापकांचं निदान : व्हायरस. त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. क्लार्कने कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधली. दोन्ही उपायांचा परिणाम सारखाच झाला. मग मामांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, बाजूचा पत्रा काढला आणि परीक्षानळीच्या चिमट्याने प्रोसेसरच्या पंख्यातून वाळून कडंग झालेली एक पाल बाहेर काढली. “व्हायरस सापडला, सर,” म्हणाले, आणि ती पाल व्हायरसच्या पत्राच्या स्थळप्रतीवर ठेवली.

मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांना प्रोसेसरच्या तापाने झपाटलं. माणसाचा ताप डॉक्टर बघतो, गुराचा ढोरांचा डॉक्टर बघतो. याला कोणी वाली नाही, असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर ते उघडपणे त्याच्याच मागे लागले. आमच्या भागात लग्नाचे व्हिडिओ करणारे पन्नास तरी असतील. लग्नं सगळी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बाहेर बेचाळीस अंश असताना. वरात, हळद, सप्तपदी, तेरखेड्याच्या फटाक्यांची आतषबाजी, हे सगळं कॉम्प्युटरवर जोडायला बसलं की मशीन तापतं आणि ऐन मंगलाष्टकात बंद पडतं. नवरीकडचे रोज फोन करतात. अशा मशीनला कंपनीने दिलेला छोटा पंखा पुरत नाही. मोठा कूलर लागतो. आमच्याकडे कूलर म्हटलं की खिडकीत बसवलेला, गवताच्या जाळ्यांतून पाणी ठिबकणारा लोखंडी डबा डोळ्यांपुढे येतो. हा तसा नव्हे. प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा हा धातूचा मनोरा : खाली तांब्याचा चकचकीत तळ, त्यातून वर गेलेल्या पाच-सहा नळ्या, नळ्यांत ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या शेकडो पातळ पट्ट्या, आणि त्यांतून वारा घालणारा एक किंवा दोन पंखे.

मी तो पहिल्यांदा मामांच्या स्वयंपाकघरात पाहिला. तागडीच्या एका पारड्यात तो होता आणि दुसऱ्या पारड्यात तूरडाळ.

“दीड किलोला जरा कमी,” मामा म्हणाले.

“हे सगळं प्रोसेसरवर? तो तर बिस्किटाएवढा असतो ना?”

“व्हय. बिस्किटावर हत्ती बसवायचा. आन् बिस्किट मोडलं न्हाय पायजे.”

मामी चुलीपुढून म्हणाल्या, “सर, तुम्ही तरी सांगा. लोकं निवृत्त झाल्यावर तुळजापूरला जातेत. ह्यांनी लोखंड तोलायला घेतलंय.”

“ॲल्युमिनियम,” मामा म्हणाले.

कोणता कूलर चांगला हे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने आहेत. मामांनी ते सगळे पाहिले आणि मोडीत काढले. कारण एकच : ती परदेशी माणसं एकवीस अंशाच्या खोलीत बसून परीक्षा घेतात. “एकवीस अंशात म्या सुदिक थंडच ऱ्हातो. हितं ईटात मे महिन्यात घ्या म्हणावं.” मग त्यांनीच घ्यायचं ठरवलं. व्हिडिओवाले नवा कूलर घेण्याआधी तो दोन-चार दिवस मामांकडे आणून ठेवू लागले.

परीक्षेची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मागच्या खोलीत भिंतीला लागून एक टेबल. त्यावर कॅबिनेटशिवाय उघडं मांडलेलं मशीन. पंख्याचं वारा ओढणारं तोंड भिंतीकडे, कारण ते दाराकडे असलं की अंगणातली धूळ आत ओढली जाई. मामा स्वतः उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसत, आणि खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर त्यांच्या डोक्यावर खिळ्याला. मशीनला जड काम लावायचं, पाऊण तास थांबायचं, प्रोसेसरचा आकडा टिपायचा आणि त्यातून खोलीचा आकडा वजा करायचा. उरेल तो त्या कूलरचा दोष. जितका कमी, तितका कूलर चांगला.

क्रम मात्र त्यांनी विज्ञानाकडून घेतला नव्हता, जत्रेकडून घेतला होता. तरुणपणी त्यांनी फडात कुस्त्या केल्या होत्या. फडात लहान जोडी सकाळी सुटते आणि मोठी शेवटी. तसं त्यांच्याकडे सगळ्यात हलका कूलर सकाळी नऊला, आणि सगळ्यात वजनदार दुपारी तीननंतर. हा क्रम कधी मोडला नाही. “मोठी कुस्ती सकाळी लावली तर मागनं बघायला कोण थांबतंय?” बघायला तसंही मी एकटाच असे.

कंपन्यांची लांबलचक इंग्रजी नावं त्यांना पसंत नव्हती. दोन मनोरे, दोन पंखे असलेल्या काळ्या धिप्पाड कूलरला त्यांनी नळदुर्ग म्हटलं. त्याच्याहून किंचित ठेंगणा तो परंडा. एकच मनोरा, एकच पंखा, ती चौकी. ही नावं एवढी रुळली की भूमच्या दुकानात जाऊन लोक “एक नळदुर्ग दाखवा” म्हणू लागले. दर उन्हाळ्यात मामा वळणदार अक्षरात निकालपत्रक लिहीत, त्याचा फोटो व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर जाई, आणि तो शेवटचा शब्द ठरे. सलग तीन उन्हाळे निकाल एकच : नळदुर्ग पहिला, चौकी शेवटची, फरक नऊ अंशांचा. खाली शेरा : ‘चौकी आपल्या हवेत चालणार न्हाय.’

या शेऱ्याने एक दुकान बसलं.

येरमाळ्याला हायवेच्या कडेला नसरीनचं दुकान होतं. बाप जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून रिवायंडिंग करायचा. तिने त्याच गाळ्यात कॉम्प्युटर जोडायला सुरुवात केली. हात असा साफ की तिने बांधलेल्या मशीनमधल्या वायरी वेणीसारख्या दिसत. ती सगळ्यांना चौकी बसवून देई. मामांचं पत्रक फिरल्यावर गिऱ्हाईक तिलाच शिकवू लागलं. “पोरीला कळत न्हाय,” हे वाक्य तेरखेड्यापासून परंड्यापर्यंत फिरलं.

एके दिवशी सकाळी ती दोन एसट्या बदलून चौकीचा खोका घेऊन ईटला आली. मी तिथेच होतो.

“मामा, माझ्यासमोर घ्या परीक्षा.”

“घेतो की. बस.”

“आधी एक सांगा. तुमचा नळदुर्ग दीड किलोचा. मशीन उभं ठिवून टेंपोत घालून भूम ते परंडा नेलं तर बोर्डाचं काय व्हतंय? रस्ते बगितलाव का आपल्याकडचे?”

“आडवं झोपवून न्यायचं. पेशंट हाय त्यो.”

“मग गिऱ्हाइकाला मशीन द्यावं का स्ट्रेचर?”

मामा हसले, पण वहीतून डोकं न काढता. नऊ वाजता चौकी लागली. नसरीन खुर्ची ओढून टेबलाशी, भिंतीला पाठ लावून बसली. थोड्या वेळाने पुढे सरकली.

“मामा, हितं लई गरम व्हायलंय. पाठ भाजतीया.”

“उनाळा हाय, बाई,” मामा म्हणाले.

चौकीचा आकडा आला तो पत्रकातलाच. दुपारी नळदुर्ग लागला, नऊ अंशांनी जिंकला. नसरीन म्हणाली, “माझ्याकडं चालती, मामा. शंभर मशिनी चालायल्यात.” मामांनी त्यांचं ते आकड्याचं वाक्य तिला ऐकवलं. तिने खोका बांधला आणि मामींनी दिलेला चहा न घेता गेली. दिवाळीनंतर एसटीतून जाताना तिच्या दुकानावरची पाटी उतरवलेली दिसली. बाप आत एकटाच तारा गुंडाळत होता. पोरगी पुण्याला नोकरी बघतीये असं कळलं. मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “वाईट झालं. पन आकडा काय म्या बनवतो का?” मलाही ते पटलं. इथे मी स्वतःला वेगळं काढणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात व्हिडिओवाल्यांच्या संघटनेने मामांचा सत्कार ठरवला. त्यांचा म्होरक्या तेरखेड्याचा बालाजी. लग्नात ड्रोन उडवणारा तालुक्यातला पहिला माणूस, आणि तेव्हापासून जमिनीवर न आलेला. भूमला मंगल कार्यालय ठरलं, पुढारी ठरला, आणि फ्लेक्स लागले : ‘शीतसम्राट मा. श्री. गोरोबा शिनगारे यांचा भव्य नागरी सत्कार’. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो सम्राटापेक्षा तिप्पट होता. मानपत्र लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. निवृत्त ग्रामसेवकापासून बिनविरोध सरपंचापर्यंत मी इतकी मानपत्रं पाडली आहेत की नाव बदललं तर कोणालाही चालतात. ‘ज्यांच्या अविचल सत्यनिष्ठेने यंत्रांच्या मस्तकी शीतल छत्र धरले’ असं एक वाक्य मी निर्लज्जपणे लिहिलं आणि ते फ्रेम करायला गेलं.

सत्काराला पाच दिवस होते. तेव्हा मामांच्या शेजारच्या भरतची आई गेली.

भरतची खव्याची भट्टी. आमच्या भागात घरटी दूध आणि गल्लीगल्लीला भट्ट्या. सकाळचं दूध आलं की नऊच्या सुमारास जाळ पेटतो आणि बारा-एकपर्यंत कढई ढवळणं चालतं. मग संध्याकाळच्या दुधापर्यंत भट्टी गार. म्हातारी गेली तेव्हा भट्टी पेटलेलीच होती. पाणी ओतून विझवली. सुतक आहे तोवर खवा घोटायचा नाही; दूध डेअरीला जाऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं भेटायला गेलो. अशा बैठकीत बोलायचं फारसं नसतंच. कोणीतरी ‘वय झालं होतं’ म्हणतं, कोणीतरी ‘सोसलं नाही’ म्हणतं, मग सगळे जमिनीकडे बघतात. मामा मात्र समोरच्या भिंतीकडे बघत होते. एकाएकी म्हणाले :

“भरत, भट्टी नेमकी कधी विझवली?”

भरतने डोळे वर केले. “आं?”

“भट्टी, भट्टी. किती वाजता?”

“आई गेली तवाच, मामा. धा वाजले आसतील.”

“म्हंजी परवा. म्हंजी काल बी न्हाय आन् आज बी न्हाय.”

“न्हाय.”

मामा उठले. नमस्कार नाही, ‘येतो’ नाही. जाता जाता त्यांनी भरतच्या भट्टीच्या मागची भिंत तळहाताने चाचपली आणि निघून गेले. मागे भरतचा चुलता म्हणाला, “मास्तर, मान्सं मरतेत आन् ह्येंना खव्याची पडलीय?” मी दोघांच्या वतीने नमस्कार केला आणि उठलो. मी घरी न जाता मामांना चार शब्द सुनवायला सरळ त्यांच्या मागच्या खोलीत गेलो.

मामा टेबलाशी, नसरीन बसली होती त्या जागी बसले होते. दोन्ही तळहात भिंतीवर. मी सुनवायला आणलेले चार शब्द जागेवरच राहिले.

“सर, ह्या भितीपलीकडं काय हाय?”

“भरतची भट्टी.”

“चार साल झाली. आधी पांढऱ्या मातीची रुंद भित व्हती. पडली तवा आमी दोघांनी मिळून ही चार इंची वीट घातली. त्यानं चूल भितीला लावली. म्या टेबल भितीला लावलं.” ते थांबले. “चौकी सकाळी नऊला. भट्टी नऊला. नळदुर्ग तीनला. तीनला भट्टी गार.”

मी मराठीचा शिक्षक, पण हे मलाही कळलं. चौकी दर वेळी भट्टीची झळ ओढत होती, आणि थर्मामीटर मात्र दाराशी, सकाळच्या गार हवेत. मामा त्यातून गार हवेचा आकडा वजा करत होते. दुपारी नळदुर्गची पाळी आली की भिंत निवलेली, दारातून ऊन आत आलेलं. म्हणजे वजा करायला मोठा आकडा. एका पैलवानाला चुलीत उभं करून लढवायचं आणि दुसऱ्याला पाणी मारलेल्या मैदानात, असा तो फड तीन उन्हाळे चालला होता. आणि पंच शेजारीच बसून, जन्मभराच्या सवयीने, खव्याचा वास घेत होते.

“काल सकाळी ह्या सालची परीक्षा लावली, तर चौकीचा आकडा सात अंशानं खाली आला,” मामा म्हणाले. “म्हणलं मशीन बिघडलं. आज बी आला. सर, म्या चुकलो. ती म्हणली व्हती की, पाठ भाजतीया म्हणून.”

मी त्यांना शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, सत्कार होऊन जाऊ द्या. माणसं गोळा झालीत, मानपत्र फ्रेम झालंय. महिनाभराने ग्रुपवर सावकाश दुरुस्ती टाका. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच भट्टी पेटवली होती. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. मी घरी आलो आणि समजूत करून घेतली की त्यांना पटलं.

सत्काराला पुढारी दोन तास उशिरा आले. मामांना फेटा बांधला होता. त्याखाली त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. मी मानपत्र वाचलं. ‘अविचल सत्यनिष्ठा’ या शब्दांना माझा आवाज चिरकला, लोकांना वाटलं गहिवरलो. शाल झाली, नारळ झाला. मामा माईकपाशी गेले.

“माझं पत्रक चुकीचं हाय. तिन्ही सालचं. चौकीच्या मागं भट्टी व्हती, ती म्या बगितली न्हाय. येरमाळ्याची नसरीन खरं बोलत व्हती.”

आणि मंगल कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढाऱ्यांनी बसल्या जागी दुसरा माईक ओढला. “बघा मित्रांनो! याला म्हणतात मोठेपणा! एवढा मोठा माणूस आणि म्हणतो, मी चुकलो!” पुन्हा टाळ्या. मामा थांबले, तेच पुन्हा सांगितलं. पुन्हा टाळ्या, आणि मागून शिट्टी. मी असंख्य सत्कार पाहिले, पण खरं बोलणाऱ्या माणसाला टाळ्यांनी असं गाडलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

मग मामांनी फेटा काढला. शाल घडी करून टेबलावर ठेवली, तिच्यावर नारळ, आणि माझं मानपत्र उलटं.

“टाळ्या नगा वाजवू. ऐका. तुमच्यातल्या ज्येनं ज्येनं त्या पोरीला ‘तुला कळत न्हाय’ म्हणलं, त्येनं माझ्या शबदावर म्हणलं. म्हंजी म्याच म्हणलं. तिचं दुकान म्या बंद पाडलं.”

बालाजी स्टेजच्या कडेला येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “मामा, हे हितं कशाला? पाव्हणे बसलेत.”

“तिचं नाव गावोगाव खराब झालंय, बालाजी. गावोगाव हिंडायला मला साल लागंल. हितं तुम्ही सगळे एकदम सापडलाव.”

पुढाऱ्यांना पुढचा कार्यक्रम आठवला. जेवणं मुकाट झाली. दुसऱ्या दिवसापासून तालुक्यात दोन मतं पडली. एक, मामा म्हातारपणी चळले. दुसरं, त्या पोरीने त्यांच्यावर काहीतरी केलं. ते खरंच चुकले असतील, असं तिसरं मत कोणाचंच नव्हतं. शीतसम्राट चुकत नसतो. फ्लेक्सवर छापलेलं होतं.

तेव्हा मामा येरमाळ्याला गेले. आग्रह करून मलाही नेलं. नसरीन सुट्टीला घरी आली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बसा म्हणाली नाही.

“आता काय करावं म्हणताव?”

“तू सांग.”

“परीक्षा माझ्या दुकानाम्होरं घ्यायची. सगळ्यांना बोलवायचं. दोन सारख्या मशिनी, एकाच टायमाला. मग कूलर अदलाबदली करून परत. आन् आकडे म्या वाचणार. तुम्ही नुस्तं लिवायचं.”

“कबूल.”

आठवड्याने हायवेच्या कडेला, लिंबाखाली, भर दुपारी ती परीक्षा झाली. येरमाळ्याच्या देवीच्या दर्शनाला आलेली माणसंही काय विकायलेत म्हणून थांबली. बालाजी मामांचा चळ बघायला आला होता आणि त्याने तीसेक व्हिडिओवाले आणले होते. कोणता कूलर कोणत्या मशीनवर, याच्या चिठ्ठ्या उचलल्या. नसरीन आकडे मोठ्याने वाचत होती, मामा मान खाली घालून लिहीत होते. दोन्ही वेळा नळदुर्गच जिंकला. दोन अंशांनी.

“दोन?” बालाजी म्हणाला. त्याने स्वतः जाऊन दोन्ही पडदे पाहिले. “दोन अंशापायी म्या तीन साल दीड किलो लटकवून हिंडायलोय?”

कोणीतरी हसलं, मग सगळेच. नसरीन हसली नाही. ती मामांपुढे येऊन उभी राहिली.

“मामा, आकडा चुकला, त्येचं मला कायबी न्हाय. कुनाचा बी चुकंल. पन त्या दिशी म्या म्हणलं, हितं पाठ भाजतीया. तवा तुम्ही हात लावून सुदिक बगितलं न्हाय. मान वर केली न्हाय. माझ्या जागी आजून कुनी आसता, बालाजीभाऊ आसता, तर उठला असताव का नसताव?”

मामांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं. त्यांनी आयुष्यभर कोणालाही उत्तर दिलं होतं, मुख्याध्यापकांनासुद्धा.

“उठलो असतो,” ते म्हणाले.

एवढंच. तिने कूलर खोक्यात भरायला घेतले.

त्या जूनमध्ये माझी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली, आणि पावसाळ्यानंतर मामा-मामी लेकीकडे नांदेडला राहायला गेले. मधे एकदाच ते दिसले. मी एसटीत होतो. येरमाळ्याच्या थांब्यावर गाडी उभी होती आणि नसरीनचं दुकान माझ्या खिडकीसमोर, बोलणं ऐकू येईल इतकं जवळ. पाटी परत लागली होती. आत-बाहेर गर्दी, बाकावर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मशीन घेऊन बसलेली माणसं. चौथ्या खुर्चीवर मामा. मांडीवर त्यांचं ते उघडं मशीन, पंच्यात गुंडाळलेलं, आणि वर चौकीचा नवा खोका. तिच्याच हाताने बसवून घ्यायचा असणार. बालाजीही तिथे होता. तो म्हणाला, “आरं मामा! तुम्ही कशाला थांबताव? व्हा की म्होरं.” दोघं-तिघं बाजूला सरकलेही.

नसरीन स्क्रू पिळत होती. मान वर न करता म्हणाली, “बसू द्या त्येंना. नंबरानं येतील.”

मामांनी मान हलवली आणि बालाजीला हाताने खाली बसवलं. माझी गाडी सुटली. मी मागच्या काचेतून वळून पाहिलं, तोवर पहिल्याचं काम झालं होतं, आणि मामा मशीन पोटाशी धरून एक खुर्ची पुढे सरकत होते.